मार्तंडाचा वध लांबणीवर

"वज्रकूट साम्राज्यात आजपासून मृत्यूला प्रवेश नाही! सूर्य, चंद्र आणि सम्राट मार्तंड हे तिघे आता अढळ आहेत!!!"

जनार्दन ओगल्यांनी हे फर्मान टाइप केलं, शेवटी दोन उद्गारचिन्हं जादा दिली आणि खुर्चीत मागे रेलून चष्मा पुसला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लुकलुकला. सौदामिनी लिहीत होती.

"फर्मान छान आहे. पण मग चौथ्या प्रकरणातल्या लढाईचं काय करायचं? तिथे पाच हजार मरायचे ठरलेत. आकडा तुम्हीच दिला होता."

ओगल्यांनी आपली टिपणं चाळली. आकडा त्यांचाच होता, आणि खाली सहीही होती. त्यांनी फर्मानाच्या शेवटी 'सैनिक वगळून' असे दोन शब्द घातले आणि मृत्यूला मागच्या दाराने आत घेतलं. सम्राटाचं अमरत्व तसंही सातव्या प्रकरणापर्यंतच होतं. सातव्यात त्याचं मुंडकं उडायचं होतं.

साल २०४१. सहकथेचा खेळ तेव्हा घरोघरी पोचला होता. खेळ तसा साधा. एकमेकांना कधी न पाहिलेली दोन माणसं एका सामायिक पानावर मिळून एक काल्पनिक राज्य उभं करतात. राजे, चेटकिणी, उडते घोडे वाटून घेतात. तुझी पात्रं तू बोलव, माझी मी बोलवतो. समोरच्याचं अक्षरन्‌अक्षर उमटताना दिसतं, खोडलेलंही दिसतं. नियम एकच, पण तो सोवळ्यासारखा पाळायचा: दुसऱ्याच्या पात्राचा हात आपण हलवायचा नाही. माझ्या राजावर तू वार करू शकतेस, पण मरायचं की नाही ते राजाच्या वतीने मी ठरवणार. आणि दोघांपैकी एक जण खेळ सोडून गेला, की पान दोघांनाही कायमचं बंद.

या शेवटच्या कलमाची ओगल्यांना फार भीती होती. ते नगररचना खात्यातून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षांत त्यांनी तीन शहरांचे विकास आराखडे केले. पहिल्या शहरात आराखड्यातल्या बागेवर मंगल कार्यालय झालं. दुसऱ्यात रिंगरोडवर मंगल कार्यालय झालं. तिसऱ्यात आराखडाच हरवला, आणि तो ज्या इमारतीत ठेवला होता तिचं मंगल कार्यालय झालं. वज्रकूट हे त्यांचं चौथं शहर, आणि कागदावर होतं तसंच्या तसं उभं राहिलेलं पहिलं. ड्रॅगनांना उतरता यावं म्हणून साठ फुटी रस्ते होते. चेटकिणींच्या अरण्याखालून भुयारी गटार गेलं होतं. शापित विहिरीपासून पंधरा मीटरच्या आत बांधकामाला मनाई होती. सौदामिनी हे सगळं वाचायची, आणि नुसतं वाचायची नाही, तर "पावसाळ्यात अरण्याचा उतार कोणीकडे?" असं विचारायची. चौतीस वर्षांत ओगल्यांना उतार कोणी विचारला नव्हता.

म्हणून दर बुधवारी दुपारी चार वाजता ते धुतलेला शर्ट घालून पडद्यासमोर बसत. पलीकडे कोणाला शर्ट दिसत नव्हता.

पण सातवं प्रकरण सुरू झाल्यापासून, म्हणजे गेले तीन बुधवार, काहीतरी बिनसलं होतं. ठरलेल्या आराखड्याप्रमाणे सातव्या प्रकरणात सौदामिनीची दरोडेखोर राणी इरा हिने सम्राट मार्तंडावर तलवार चालवायची आणि ओगल्यांनी त्याला मरू द्यायचं. ओगल्यांनी तशी लेखी मंजुरी तारखेसह देऊन ठेवली होती. तरी वार होईना. पहिल्या बुधवारी इराच्या घोड्याची नाल पडली. दुसऱ्या बुधवारी इराचा पाय मुरगळला. तिसऱ्या बुधवारी इराला चतुर्थी निघाली.

"दरोडेखोर राणी चतुर्थी करते?" ओगल्यांनी विचारलं.

"कडक," सौदामिनीने लिहिलं.

ओगल्यांनी नोकरीत एवढी टाळाटाळ पाहिली होती, की ती त्यांना वासावरून कळे. या टाळाटाळीला वास होता.

*

"बाई नसेलच ती. यंत्र असेल," प्रभुणे सर म्हणाले. प्रभुणे सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असत. आता ते सकाळी बागेतल्या बाकावर बसून जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल वाईट शक्यता सांगत. "मापक लावा, ओगले. हल्ली मापक लावल्याशिवाय मी कोणाला नमस्कारसुद्धा पाठवत नाही."

मापक म्हणजे अडखळमापक. त्याची हकीकत अशी.

यंत्रं एव्हाना माणसांहून बरं माणसासारखं लिहू लागली होती. मुद्दाम चुका करत, उसासे टाकत, 'आमच्याकडे लाइट गेले होते' अशी कारणंसुद्धा देत. कोण माणूस नि कोण यंत्र, हे कळायचा मार्ग उरला नव्हता. अशात एका प्रयोगशाळेत कंपवाताच्या रुग्णांची बोटं तपासणाऱ्या दोन डॉक्टरणींना भलतंच सापडलं. टाइप करताना कोणत्या शब्दाआधी बोट किती थांबतं, ते त्या सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजत होत्या. त्यांना दिसलं, की यंत्राला थांबायला शिकवलं तर ते अवघड शब्दापाशी थांबतं. 'किंकर्तव्यमूढ' लिहिण्याआधी विचार केल्याचं नाटक करतं. माणूस अवघड शब्द धडाधड लिहितो. तो अडतो सोप्या शब्दापाशी. 'ये' लिहिताना, 'बरं' लिहिताना, 'आई' लिहिताना. कारण शब्द बोटाशी पोचण्याआधी त्याला स्वतःच्या आठवणींच्या गर्दीतून वाट काढावी लागते. जेवढी गर्दी, तेवढा उशीर. आणि ही गर्दी ज्याची त्याची वेगळी; अंगठ्याच्या ठशासारखी.

शोध मोठा होता. मापक फोनवर फुकट मिळू लागलं, आणि सहा महिन्यांत यंत्रं शोधायची आहेत हे सगळे विसरले. माणसं माणसांना मोजू लागली. एक जमलेलं लग्न 'हो'च्या आधीच्या आठ सेकंदांवरून मोडलं. ओगल्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष वारले तेव्हा गटावर त्रेसष्ट जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाहिली. एकाचंही बोट कुठे अडलं नाही, आणि मापकाने अख्ख्या इमारतीला यंत्र ठरवलं.

ओगल्यांच्या घरातही मापक शिरलं होतं. हैदराबादहून मुलीचा, ऋजुताचा, निरोप आला: "बाबा, दिवाळीला या ना दोघं." ओगल्यांनी तो मापकाला दाखवला. 'दोघं'च्या आधी एकोणीस सेकंद.

"आपण जायचं नाही," त्यांनी जाहीर केलं. "तिला तू एकटी हवी आहेस."

त्यांच्या बायकोने, शैलाताईंनी, तिथल्या तिथे मुलीला फोन लावला, बोलल्या आणि ठेवला. "पार्सलचं ड्रोन खिडकीच्या जाळीत अडकलं होतं. ते काढत होती ती."

"असं ती म्हणते."

"अहो, मग कोण म्हणायला हवंय? ड्रोन?"

"एकोणीस सेकंद, शैला. ड्रोन किती वेळ अडकतं?"

"तुम्ही बसा इथे सेकंद मोजत. मी जाणार आहे," शैलाताई म्हणाल्या, आणि एकच तिकीट काढलं. ते काढताना त्यांचं बोट कुठे अडखळलं नाही, हे ओगल्यांनी नोंदवून ठेवलं.

*

सौदामिनीला मापक लावायचं ओगल्यांच्या मनाला पटत नव्हतं. दोन दिवस पटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सहा महिन्यांचं सगळं पान मापकात ओतलं आणि अहवाल घेऊन बागेत गेले.

"मानवी. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के," त्यांनी वाचून दाखवलं. आवाजात नाही म्हटलं तरी आनंद होता.

"खाली वाचा, खाली," प्रभुणे सर म्हणाले.

खाली शब्दवार तक्ता होता. घोडा, शून्य पूर्णांक तीन सेकंद. चेटकीण, शून्य पूर्णांक चार. शिरच्छेद, शून्य पूर्णांक पाच.

"शिरच्छेदाला अर्धा सेकंद! बाई निर्ढावलेली आहे, ओगले."

"पुढे ऐका सर. मार्तंड, अकरा पूर्णांक चार."

"अकरा सेकंद?"

"सरासरी. एकूण एक्केचाळीस वेळा हा शब्द लिहायला घेतला. त्यातल्या तेवीस वेळा 'मा' लिहून खोडला आणि 'सम्राट' केला."

प्रभुणे सरांनी मफलर नीट केला. वाईट शक्यता सांगण्यापूर्वी ते मफलर नीट करत. "तुम्हाला अर्थ कळला?"

"नाही."

"बोट अडलं म्हणजे त्या शब्दामागे गर्दी आहे. तलवारीमागे नाही, मुंडक्यामागे नाही, फक्त नावामागे. म्हणजे काय? मार्तंड नावाचा खरा माणूस आहे. बाई त्याला ओळखते. आणि त्याला कसं मारायचं याचा सहा महिने पद्धतशीर आराखडा करतेय. अहो, ही कथा नव्हे. रंगीत तालीम आहे!"

"काहीतरीच काय सर!"

"काहीतरीच? विष कोणतं चालेल, असं तिने कधी विचारलं होतं?"

ओगल्यांना आठवलं. पाचव्या प्रकरणात विचारलं होतं. आणि नुसतं विचारून नाही, तर वजनाच्या किलोमागे किती डोस तेही सांगून. त्यांच्या कपाळाला घाम आला. पण तो मार्तंडासाठी नव्हता.

"सर," ते हळू आवाजात म्हणाले, "मी लेखी मंजुरी दिली आहे."

"काय?"

"'सातव्या प्रकरणात मार्तंडाचा वध करण्यास या कार्यालयाची हरकत नाही.' तारखेसहित. सवयीने लिहून गेलो."

प्रभुणे सर बाकावरच जरा लांब सरकले.

त्या दिवशी ओगल्यांनी एक फाइल उघडली. जुनी पानं पुन्हा वाचताना नवनवं सापडू लागलं. ओगले लिहीत, 'मार्तंड गरजला.' सौदामिनी तेच लिहिताना म्हणे, 'त्यांनी गर्जना केली.' इरा या सम्राटाच्या जिवावर उठली होती, पण त्याने पाणी मागितलं की पहिली उठे. मेजवानीच्या प्रसंगात तर तिने त्याच्या ताटात लोणचं वाढू दिलं नव्हतं. 'त्यांना खारट वर्ज्य आहे' असं लिहिलं होतं. एवढी बारीक माहिती! माणूस नजरेखाली असल्याशिवाय कोणाला असते? ओगल्यांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली.

शैलाताई बॅग भरता भरता हे पाहत होत्या. "अहो, त्या बाईंना सरळ विचारा ना, हा मार्तंड कोण म्हणून."

"असं थेट विचारायचं नसतं."

"का?"

"थेट विचारलं की उत्तर मिळतं. पुरावा मिळत नाही."

"आणि त्या निघून गेल्या म्हणजे? तुमचे ते साठ फुटी रस्ते?"

ओगल्यांनी फाइल मिटली. फाइलला दोरी बांधताना त्यांचीच बोटं जरा वेळ थांबली, पण दोरीवर मापक चालत नसे.

*

बुधवारी चार वाजता हिरवा ठिपका उजळला. ओगल्यांनी शर्ट बदलला होता. फाइल मांडीवर होती. मापक एका कोपऱ्यात चालू होतं.

"नमस्कार, वास्तुराज," सौदामिनीने लिहिलं. खेळातलं त्यांचं हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं. "आज इराला जरा कणकण आहे. वध पुढच्या वेळी ठेवू या?"

ओगल्यांनी दीर्घ श्वास घेतला. संशयिताला बोलतं करायचं, तर त्याच्या वर्मावर बोट ठेवावं लागतं. त्यांनी ते कीबोर्डवर ठेवलं, आणि जे खेळात कोणीही करत नाही ते केलं.

'कणकण असूनही इरा उठली. तिने दोन्ही हातांनी तलवार उचलली आणि मार्तंडाच्या मानेवर—'

"थांबा!"

ओगले थांबले.

"तुम्ही माझ्या इराचा हात हलवलात."

"होय. नाइलाजाने. आता पुढील मुद्द्यांवर खुलासा व्हावा. एक, मार्तंड हा शब्द लिहिताना आपणास सरासरी अकरा पूर्णांक चार सेकंद लागतात, ते का. दोन, विषाचा डोस आपणास तोंडपाठ कसा. तीन, मार्तंड नावाची व्यक्ती प्रत्यक्षात अस्तित्वात आहे काय. असल्यास तिची प्रकृती सध्या कशी आहे. चार, माझी मंजुरी केवळ काल्पनिक शिरच्छेदापुरती होती, याची नोंद घ्यावी."

पलीकडे काही उमटेना. एक मिनिट गेलं. दोन गेली. हिरवा ठिपका पिवळा झाला. पिवळ्यानंतर विझतो, आणि विझला की पान बंद. ओगल्यांना ड्रॅगनांचे रस्ते दिसले, अरण्याचा उतार दिसला, त्या उतारावरून वाहत एका मंगल कार्यालयात शिरणारं पाणी दिसलं. चार मिनिटं झाली. त्यांनी 'माफ करा' असं लिहायला घेतलं. 'मा' लिहिलं, आणि बोट अडलं.

तेवढ्यात ठिपका हिरवा झाला. अक्षरं येऊ लागली. सलग येत राहिली, कुठे न थांबता.

"तिसऱ्या मुद्द्यापासून सांगते. मार्तंड नावाची व्यक्ती अस्तित्वात आहे. सध्या बाहेर पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली आहे. प्रकृती चांगली आहे, फक्त बी. पी. आहे, म्हणून लोणचं बंद.

"मी सौदामिनी नाही, ते तुम्हाला कळलंच असेल. कुसुम इंगोले. पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. डोस मला तोंडपाठ नसतील तर कोणाला असतील? आणि लोकांचे पाय कापले जाताना ट्रे धरून उभी राहिलेय, तिथे तुमच्या शिरच्छेदाचं मला काय होणार?

"पण लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, मी यांचं नाव कधी घेतलं नाही. एकदाच घेतलं, उखाण्यात, तेही नणंदेने दार अडवलं म्हणून. फॉर्मवर लिहिते. पण तो फॉर्म असतो, त्याला 'पतीचे नाव' असा रकाना असतो. तुमच्या राज्यात रकाना कुठे आहे? तिथे माणूस उठतो, बोलतो, चिडतो. 'मार्तंड जेवला' असं लिहायला गेले, की माझी बोटं कीबोर्ड सोडून पदर सावरायला जातात. हसू नका. मलाच हसू येतं. थिएटरात मोठमोठ्या सर्जनवर ओरडलेली बाई मी. तुम्हाला सांगायचं, तर म्हणाल, सौदामिनी नाव घेऊन ही कोण जुनाट म्हातारी बसलीय. म्हणून घोड्याची नाल पाडली, पाय मुरगळला, चतुर्थी काढली.

"आणि यांना आता दिसत नाही फारसं. रोज संध्याकाळी मी पान वाचून दाखवते. तुमचं गटारसुद्धा त्यांनी दोनदा वाचायला लावलं. नाव आलं की मी 'सम्राट' वाचते. परवा म्हणाले, 'कुसुम, त्या माणसाने एवढं शहर बांधलं, पण राजाला नाव द्यायचं विसरला बघ.'"

ओगल्यांनी फाइल मांडीवरून खाली ठेवली. ती सरकून टेबलाखाली गेली, आणि त्यांनी ती जाऊ दिली.

"आणखी एक," अक्षरं येत राहिली. "मापक माझ्याकडेही आहे, वास्तुराज. तुम्ही दर बुधवारी शेवटी 'पुढच्या बुधवारी?' असं लिहिता. त्याच्या आधी सोळा सेकंद थांबता. सहा महिन्यांत एकदाही चुकलं नाही. मी विचारलं का कधी, की का थांबता?"

ओगल्यांनी उत्तर लिहिलं नाही. काय लिहिलं असतं, आणि त्याला किती सेकंद लागले असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कोपऱ्यातलं मापक बंद केलं. घरात कुठेतरी शैलाताई बॅगची चेन ओढत होत्या. ती मध्येच अडकली, पुन्हा ओढली गेली.

"निघून जाशील का?" असं त्यांनी शेवटी लिहिलं, मग 'जाशील' खोडून 'जाल' केलं.

"कुठे जाते? तुमच्या रस्त्यांवरून बाहेर पडायलाच आणखी सहा प्रकरणं लागतील," पलीकडून आलं. "इराचा हात तुम्ही हलवलात, ते मी विसरले. वधही आजच करून टाकते, तलवार काढलीच आहे तर. फक्त तेवढं नाव बदलता येईल का? मधुकर ठेवा. मधुकर आमच्या नणंदेचे मिस्टर. त्यांना पहिल्या प्रकरणापासून मारलंत तरी चालेल."